मंगळाची हवा लोणारला

तर झालं असं. माझा भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला एमएससाठी इकडे यायचंय. आमच्या घरातून 'इकडे' आलेला पहिला प्राणी मी. त्यामुळे त्याचं एसओपी, म्हणजे 'मला तुमच्याच विद्यापीठात का यायचंय' याचं दोन पानी पुराण, तपासायला माझ्याकडे आलं. पहिलंच वाक्य, मराठीत सांगायचं तर, असं होतं: "पृथ्वी आता राहण्यालायक उरलेली नाही, म्हणून मला मंगळावर मानवी वसाहत उभारायच्या कामात उतरायचं आहे."

मी ते वाक्य खोडलं आणि कडेला लिहिलं, 'हे खोटं आहे.'

दहा मिनिटांत फोन. "मामा, खोटं काय त्यात? दिल्लीची हवा बघितलीस का? आणि हे काय मी एकटा म्हणतोय? हॉकिंग म्हणाला होता!"

हो, म्हणाले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते म्हणाले की माणसाच्या हातात हजार वर्षं आहेत, आणि मे २०१७ मध्ये म्हणाले शंभर. सहा महिन्यांत नऊशे वर्षं कमी झाली. मोठ्या माणसाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, याला गणित म्हणत नाहीत.

भाच्याची चूक नाही म्हणा. डिसेंबरात सुट्टीला घरी आलो की हेच वाक्य मला निदान चार जण ऐकवतात. बँकेतून रिटायर झालेले शेजारी, ताईच्या सोसायटीतले डॉक्टर, एकदा तर शिवाजीनगर स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला. "तुम्ही काय, तिकडे मंगळाचंच बघता ना? बरंय, इथलं तर संपलंच." म्हणून हे भाच्याला उत्तर आणि बाकीच्यांनाही.

आधी माझी लायकी सांगतो. आई नातेवाइकांना 'तो अवकाशाचं काहीतरी करतो' असं सांगते. खरं म्हणजे मी वॉशरवाला आहे. कमी दाबात आणि कडाक्याच्या थंडीत रबराची सीलं कशी वागतात, कधी कडक होतात, कधी चिरतात आणि त्यातून हवा किती गळते, यावर मी डॉक्टरेट केली आणि आजही त्याचाच पगार खातो. प्रयोगशाळेत एक स्टीलचं पिंप आहे, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्यातली हवा पंपाने ओढायची, मग मंगळावर असते तशी हवा हवी तेवढी आत सोडायची, पिंप गार करायचं आणि सील कधी दगा देतंय याची वाट बघत बसायचं. सील दगा देतंच. प्रश्न फक्त कधी एवढाच असतो. म्हणजे मंगळाची हवा मी रोज बघतो, काचेच्या खिडकीतून, आठ इंचांवरून.

आता एक खेळ करू. नेहमी आपण माणसाला उचलून मंगळावर नेऊन ठेवतो, चित्रात तरी. तिथे तो घुमटात बसून टोमॅटो लावतो. आपण उलटं करू. माणूस जागेवर राहू दे, मंगळाची हवा इकडे आणू. बाकी सगळं आपलंच: आपली माती, आपला सूर्य, आपलं गुरुत्वाकर्षण. फक्त हवा तिथली.

आणि जागा निवडायची तर लोणार. शाळेत असताना आमची जालन्याहून लोणारला सहल गेली होती. पाऊणेदोन किलोमीटरहून थोडं रुंद, गोल गरगरीत विवर, तळाशी खारट सरोवर, भोवती झाडी, मोर, माकडं आणि पडकी देवळं. मास्तरांनी सांगितलं की इथे आकाशातून दगड पडला. मला त्या दगडापेक्षा डबा खाताना माकडाने पळवलेली पोळी जास्त आठवते. पण पुढे कळलं की काळ्या बसाल्टच्या खडकात आघाताने झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे. मंगळाची जमीनही मुख्यतः बसाल्टची आणि विवरांनी भरलेली. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारचे दगड हौसेने तपासतात. म्हणजे जमिनीपुरतं बोलायचं तर लोणार हा आपल्या घरातला मंगळच आहे. फरक फक्त हवेचा.

तर सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही विवराच्या काठावर उभे आहात, आणि हवा बदलली.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा दाब साधारण १०१३ मिलीबार असतो. मंगळावर तो सरासरी ६ मिलीबारच्या आसपास. एव्हरेस्टच्या माथ्यावर, जिथे लोक धापा टाकत वर जातात आणि काही परत येत नाहीत, तिथेही मंगळाच्या पन्नासपटीहून जास्त हवा आहे. पृथ्वीवर मंगळाइतका दाब हवा असेल तर साधारण ३५ किलोमीटर उंच जावं लागेल. आणि जी काही पातळ हवा आहे ती ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. प्राणवायू दोन दशांश टक्क्यांहूनही कमी.

तुमच्याकडे दहा-पंधरा सेकंद आहेत. हा अंदाज नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या मोठ्या निर्वात चेंबरमध्ये जिम लब्लांक नावाचा तंत्रज्ञ अवकाशवस्त्राची चाचणी देत होता आणि त्याच्या सूटाची हवेची नळी निसटली. चौदा-पंधरा सेकंदांत तो बेशुद्ध पडला. चेंबरमध्ये झटपट हवा सोडली म्हणून वाचला. शेवटची आठवण त्याने सांगितली ती म्हणजे जिभेवरची लाळ बुडबुडायला लागली होती. शरीराच्या तापमानाला पाणी उकळायला दाब ६३ मिलीबारच्या खाली गेला की पुरतं. मंगळावर तो याच्या दहावा हिस्सा आहे. दम धरून काही होत नाही. उलट दम धरलात तर फुप्फुसं फाटतील.

तुम्ही पडलात. सरोवराचं काय होतंय ते आता मीच सांगतो, कारण हा प्रयोग मी चेंबरमध्ये चहाच्या कपाएवढ्या पाण्यावर पाहुण्यांना करून दाखवतो. पंप चालू केला की पाणी आधी गप्प असतं. मग तळातून खळखळायला लागतं, गार पाणी, विस्तव नाही काही नाही. उकळताना ते स्वतःचीच उष्णता वाफेबरोबर घालवतं, म्हणून उकळता उकळता गार होत जातं आणि शेवटी बुडबुड्यांसकट गोठतं. उकळी आणि बर्फ एकाच भांड्यात. पाहुणे टाळ्या वाजवतात. लोणारचं सरोवर तसंच उसळून, वर फेसाळ बर्फाची साय धरून बसेल. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने फोटो फिरवले होते. तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. बहुतेक जीव नकोसं म्हणतील अशा क्षारात राहणारी ही चिवट मंडळी. उघड्यावर त्यांचाही यात निकाल लागेल.

(चोखंदळ वाचक म्हणतील, असे सगळे समुद्र उकळले तर वाफेचंच वातावरण होईल, मग दाब ६ कसा राहील? बरोबर आहे. खेळापुरतं विसरा.)

काठावर घिरट्या घालणारी घार दगडासारखी खाली येईल. पंखाखाली धरायला हवाच नाही. मंगळावर उडालेलं ते छोटं हेलिकॉप्टर, इन्जेन्युइटी, वजनाला १.८ किलो, आणि त्याची सव्वा मीटरभर पाती मिनिटाला सुमारे २४०० फेरे मारायची तेव्हा कुठे ते जमीन सोडायचं. गावात दैत्यसूदनाच्या देवळात कोणी घंटा वाजवलीच तर चार पावलांवर टिचकी मारल्याएवढा आवाज येईल. कार्बन डायऑक्साइड वरचे सूर गिळून टाकतो. ओझोन नाही, त्यामुळे ऊन नुसतं ऊन उरत नाही, ते निर्जंतुकीकरणाचा दिवा होतं. संध्याकाळपर्यंत झाडांची पानं वाळलेली नसतील, ती गोठून सुकलेली असतील.

हा मंगळाचा वाईट दिवस नाही. धुळीचं वादळ नाही, ध्रुवावरची रात्र नाही. हा तिथला अगदी छान, निरभ्र दिवस आहे.

आता मला सांगा, 'पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही' या वाक्याचा अर्थ काय? दिल्लीची नोव्हेंबरची हवा विषारी आहे, मान्य. त्या हवेत वाढणाऱ्या मुलांची फुप्फुसं बिघडतात, मान्य. पण त्या हवेत एक माणूस, सूट न घालता, रस्त्यावर उभा राहून 'ही हवा विषारी आहे' असं ओरडू शकतो. मंगळावर त्याला वाक्य पूर्ण करता येणार नाही. आपण पृथ्वीचं जे काही वाटोळं केलंय, त्याच्या दहापट केलं तरी ती मंगळाच्या आसपासही जात नाही. दोन्हींना एकच शब्द वापरणं म्हणजे गळका नळ आणि नळच नसणं यांना एकच म्हणणं.

पण बॅकअप नको का? उद्या मोठा दगड येऊन आदळला तर? हा सगळ्यात हुशार मुद्दा समजला जातो आणि भाच्याने तो टाकलाच. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलुबला असा दगड आदळला. जवळजवळ तीन चतुर्थांश प्रजाती गेल्या, डायनोसॉर गेले. पण त्या संध्याकाळी, आकाश काळं झालेलं असताना, जंगलं पेटलेली असताना, बिळात दडलेले आपले उंदरासारखे पूर्वज श्वास घेत होते. त्या सबंध महाभयंकर वर्षात हवेत प्राणवायू होता, दाब होता, पाणी होतं. पृथ्वीचा तो सगळ्यात वाईट दिवस मंगळाच्या सगळ्यात चांगल्या दिवसापेक्षा कितीतरी बरा. ज्याला मंगळावर घुमट बांधता येतो त्याला तोच घुमट इथे, जमिनीखाली, शंभरपट स्वस्तात बांधता येईल, आणि दार फुटलं तर बाहेर निदान काळी का होईना, हवा असेल. आणि लोणार? तिथे दगडच पडला होता. आज ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, आणि तिथली माकडं शाळेच्या सहलींच्या पोळ्या पळवतात.

दुसरा मुद्दा: मंगळाची हवाच बदलू. ध्रुवांवरचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड वितळवायचा, की दाब वाढेल, ऊब येईल. २०१५ मध्ये इलॉन मस्क यांनी टीव्हीवर त्यासाठी अणुबॉम्ब टाकायची कल्पनासुद्धा मांडली होती. २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या दोघांनी बसून हिशेब केला: ध्रुवांवरचं, मातीतलं, खडकातलं, हाताला लागेल तेवढं सगळं काढलं तर काय होईल? उत्तर आलं फार तर २० मिलीबार. लाळ उकळायची थांबायला ६३ लागतात. म्हणजे अख्खा ग्रह खरवडून काढायचा आणि तरी सूट घालूनच फिरायचं. (यावर 'मग धूमकेतू ओढून आणू' म्हणणारे भेटतात. त्यांना मी जेवायला बोलावतो, वाद घालत नाही.)

पण हे सगळं आकड्यांचं झालं. मला चीड येते ती आकड्यांमुळे नाही.

एप्रिल २०२१. १९ तारखेला ते हेलिकॉप्टर मंगळावर पहिल्यांदा उडालं. २० तारखेला त्याच रोव्हरमधल्या मॉक्सी नावाच्या, टोस्टरएवढ्या पेटीने मंगळाची हवा आत घेऊन, ८०० अंशांपर्यंत तापवून, त्यातून प्राणवायू वेगळा काढला. ५.४ ग्रॅम. दुसऱ्या ग्रहावर माणसाने बनवलेला पहिला प्राणवायू. आमच्या लॅबच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं उडत होती आणि मीही एक टाकलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं. सीलवाल्यालाच कळतं ८०० अंश आणि मंगळाची थंडी एका डब्यात सांभाळणं काय असतं ते.

त्याच आठवड्यात माझे काका नाशिकला एका हॉस्पिटलात होते. ऑक्सिजन ८४. हॉस्पिटलने सांगितलं, सिलिंडर तुम्ही आणा. नाव लिहीत नाही, त्या दिवसांत कोणाचंही लिहिता आलं असतं. चुलतभाऊ एमआयडीसीतल्या रिफिलिंगच्या रांगेत रात्रभर उभा, आणि मी इथे, माझ्या दिवसा आणि त्यांच्या रात्री, 'व्हेरिफाइड' नंबरांच्या याद्या घेऊन फोन लावतोय. बरेचसे बंद, एक जण तिप्पट मागणारा, एक जण रडणारा, कारण त्याने स्वतःसाठी दिलेला नंबर लोकांनी यादीत टाकला होता. आणि २१ तारखेला नाशिकमध्येच, महापालिकेच्या एका रुग्णालयात, मोठ्या टाकीतून प्राणवायू गळला. पांढरी वाफ आवारभर पसरलेली सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. नळीतला दाब उतरला आणि त्या दिवशी २२ माणसं गेली.

गळती. माझा धंदा.

काका वाचले. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक हिशेब बसलाय. मॉक्सीने ऑगस्ट २०२३ पर्यंत सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला. ठरवलेल्यापेक्षा चांगलं काम केलं. १२२ ग्रॅम म्हणजे साधारण नव्वद लिटर. काकांच्या मास्कला मिनिटाला १५ लिटर लागत होते. म्हणजे दोन वर्षांची मंगळावरची सगळी कमाई काकांना सहा मिनिटं पुरली असती.

हे मी मॉक्सीला हिणवायला सांगत नाही. तो प्रयोग होता, आणि त्याचा मुख्य हेतू पुढेमागे परतीच्या रॉकेटसाठी प्राणवायू बनवता येतो का हे बघण्याचा होता. चौघांना मंगळावरून उडवायला २५ टन प्राणवायू लागतो, वर्षभर श्वासाला त्या चौघांना टनभर. सांगायचं वेगळंच आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये जे मास्कवर होते त्यांच्यासाठी गळती म्हणजे मरण होतं. जे आवारात उभे होते ते ओरडले, पळाले, पाने घेऊन धावले, कारण त्यांच्या भोवती हवा होती. फुकटची, बिनव्हॉल्व्हची, कोणाच्या मालकीची नसलेली. मंगळावर आवार नाही. तिथे प्रत्येक जण, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, जन्मभर मास्कवर आहे. सगळी वसाहत एक आयसीयू, आणि गळती दुरुस्त करणारासुद्धा त्याच नळीवर.

आणि नळी म्हटली की व्हॉल्व्ह आला, व्हॉल्व्ह म्हटला की तो कोणाच्या तरी हातात आला. आपल्याकडे मेन्टेनन्स थकला की सोसायटी पाणी तोडायची धमकी देते. तिथे हवा तोडेल. मंगळावर संप करून दाखवा. मंगळावर मालकाशी भांडून नोकरी सोडून दाखवा. जाणार कुठे? 'स्वातंत्र्याचं नवं जग' म्हणून जी चित्रं दाखवतात, त्यातल्या घुमटाला दारं किती आणि किल्ल्या कोणाकडे, हे कोणी काढून दाखवत नाही. अमेरिकेला गलबतं आली तेव्हा उतरल्या उतरल्या लोकांनी छातीभर श्वास घेतला, किनाऱ्यावर पाणी होतं, आणि ज्यांची ती जमीन होती ती माणसं होती. मंगळाला 'नवी अमेरिका' म्हणणाऱ्यांना अमेरिका कळलेली नाही आणि मंगळही.

बंद डब्यात जगणं सोपं असतं तर आत्तापर्यंत पृथ्वीवर जमलं असतं. ॲरिझोनात ओरॅकल गावाजवळ बायोस्फिअर २ नावाचं काचेचं प्रचंड घर आहे. मी पाहून आलोय. आत चिमुकलं जंगल, चिमुकला समुद्र, शेत. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली आणि दारं बंद झाली. सव्वा वर्षात प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. लोक जिना चढताना धापा टाकायला लागले, शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला. कारण काय? खत घातलेल्या सुपीक मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती गुपचूप पीत होत्या. म्हणून हिशेब जुळत नव्हता. भिंत हवा पिते हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि हे सगळं टुसॉनपासून तासाभरावर, जिथे फोन केला की टँकर येतो.

अवकाश स्थानकाचं घ्या. जगातले सर्वोत्तम सीलवाले त्यावर बसलेत. रशियन भागातल्या एका बोळकांडीतून २०१९ पासून हवा गळायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये दिवसाला दीड किलोहून जास्त जात होती. वर्षानुवर्षं शोधलं, ठिगळं लावली. स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, साधारण दर एक-दोन महिन्यांनी सामान जातं, वेळ पडली तर काही तासांत माणसं खाली येतात. मंगळाला निघायची खिडकी २६ महिन्यांनी एकदा उघडते. पार्सल चुकलं तर पुढचं सव्वादोन वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, हा माणूस मंगळाच्या विरोधात आहे. अहो, मी मंगळावर जेवतो! २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा मी इथे रात्रभर जागा होतो आणि सकाळी लॅबमध्ये पेढे समजून मिळाले ते डोनट वाटले. माणसं तिथे जावीत, दगड तपासावेत, परत यावीत. पण त्या बंगलोरच्या लोकांनी कुठेही म्हटलं नव्हतं की पृथ्वी संपली म्हणून आम्ही निघालो.

(याचा उलटा फॉरवर्डही येतो: 'पृथ्वीचा लवकरच शुक्र होणार.' शुक्रावर ९२ पट दाब, ४६५ अंश, वर गंधकाम्लाचे ढग. रशियाचं व्हेनेरा १३ तिथे १९८२ मध्ये १२७ मिनिटं तगलं, तोच पराक्रम. पण तिथे हवेत आहे तेवढाच कार्बन आपल्याकडे चुनखडीत कुलूपबंद आहे आणि कोळसा जाळून ती चुनखडी उकलत नाही. घाबरायला खरी कारणं भरपूर आहेत, खोटी कशाला?)

कारण या खोट्याची किंमत कोणीतरी मोजतं. 'राहण्यालायक उरली नाही' म्हटलं की विषय संपतो. बिघडलेली वस्तू दुरुस्त करतात, निकालात काढलेली भंगारात देतात. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे. अशा चिमण्यांमधून निघणारा गंधकाचा वायू धुऊन काढायचं यंत्र हे काही अवकाशविज्ञान नाही: चुनखडीची पातळ खळ, तिचा फवारा, तळाला जिप्सम. अनेक दशकं जगभर चालू आहे. भारतात २०१५ मध्ये नियम झाला, मुदत २०१७ ची. मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्यातून मोकळीकच मिळाली. एका चिमणीतून एक वायू वेगळा करायचा, तोही ज्याची कृती पुस्तकात छापलेली आहे, ते आपल्याला जमेना. आणि आपला इंजिनिअरिंगचा मुलगा अर्जात लिहितो की मी एका ग्रहाची हवा बनवायला निघालोय. त्या चिमणीखाली राहणारा माणूस मंगळाच्या तिकिटाच्या रांगेत नाही, त्याच्यासाठी प्लॅन बी कोणी काढलेला नाही, आणि त्याला मंगळाचं चित्र दाखवून गप्प बसवणं मला सहन होत नाही.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, पाऊण तास. त्याने शांतपणे ऐकलं. गुणी पोरगा आहे. शेवटी म्हणाला, "मामा, पण त्या चिमणीवर एसओपी लिहिलं तर ॲडमिशन मिळेल का?"

खरं सांगू, मला उत्तर आलं नाही. माझ्या स्वतःच्या एसओपीत पहिल्या ओळीत मंगळ होता.

काल नवा मसुदा आला. 'पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही' हे वाक्य त्याने काढलंय. त्या जागी आता 'पृथ्वी झपाट्याने राहण्यालायक उरेनाशी होत आहे' असं आहे. खोडून परत पाठवलं आहे.